काँग्रेस हरली म्हणता, पण ती होती कुठं?

शुक्रवारी सकाळी साडेअकराला मतमोजणी केंद्राबाहेर उभा होतो. गुलाल कुणाचा ते एव्हाना कळलं होतं. गेटच्या बाजूला एक जुने कार्यकर्ते भेटले. नाव लिहीत नाही, वय सत्तरीच्या आसपास. गळ्यात मोजणी प्रतिनिधीचा पास तसाच लोंबत होता. मी विचारलं, "आत नाही थांबलात?" म्हणाले, "आत बसून काय करू? आकडे बाहेरपण ऐकू येतात." मग गाड्यावरचा चहा घेतला आणि अर्धा तास आम्ही निवडणूक सोडून बाकी सगळ्यावर बोललो. पाऊस, गुडघे, नातवाचं ॲडमिशन. उठताना तेवढं म्हणाले, "पास परत द्यायचा असतो का रे?"

हे लिहायला तिथून सुरुवात झाली. दोन दिवस पोस्ट टाकली नाही, कारण रागात लिहिलं की दुसऱ्या दिवशी डिलीट करावं लागतं. आज रविवार आहे, डोकं थंड आहे. तरीही काहींना झोंबेल. झोंबू दे.

आकडे सगळ्यांना पाठ झालेत, पण एकदा लिहून ठेवतो. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, जागा 78. भाजप 41, काँग्रेस 20, राष्ट्रवादी 15, इतर दोन. महापालिका 1998 ला झाली, तेव्हापासून भाजपला स्वबळावर सत्ता मिळाली ती पहिल्यांदा. 2013 ला हीच महापालिका काँग्रेसकडं होती. आणि यावेळी दोन्ही काँग्रेस एकत्र लढल्या होत्या, हे विसरू नका. 2013 ला एकमेकांविरुद्ध लढल्या तेव्हा पहिल्या दोघी याच होत्या. एकत्र आल्यावर मिळून 35.

दोन दिवस व्हॉट्सॲपवर कारणांचा पूर आलाय. मशीन. पैसा. पोलिस. उमेदवारी चुकली. मित्रपक्षानं आतून हात दिला नाही. चार जणांचा प्रभाग केला म्हणून. यातलं चार जणांच्या प्रभागाचं कारण मला थोडं पटतं. वीस प्रभाग, बहुतेक ठिकाणी एकेका मतदारानं चार-चार बटणं दाबायची. गल्लीत दहा वर्षं राबलेला माणूस शेजारच्या कॉलनीत कुणाला ठाऊक नसतो. अशा निवडणुकीत माणूस मागं पडतो आणि चिन्ह पुढं येतं, आणि चिन्ह घराघरात पोचवायला यंत्रणा लागते. ज्यांच्याकडं ती होती त्यांनी पोचवलं. पण प्रभाग चारचे होणार हे काय जुलैत कळलं? राज्यातल्या इतर बऱ्याच महापालिका 2017 ला याच पद्धतीनं झाल्या आणि त्यातल्या अनेक ठिकाणी हेच झालं होतं. वर्षभराचा वेळ होता.

पैशाबद्दल काँग्रेसवाल्यांनी बोलू नये, एवढंच म्हणतो. मी या पेशात वीस वर्षं आहे. सांगलीत मतदानाच्या आदल्या रात्री काय काय चालतं हे 1998 पासून पाहतोय, आणि त्यातली बरीच वर्षं पाकिटं कुठल्या बाजूनं निघत होती ते इथं वाचणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत आहे.

आणि एक कबुली. मी स्वतः चुकलो. 23 जुलैला मराठा आरक्षणासाठी एका तरुणानं गोदावरीत उडी घेतली, त्यानंतर आठवडाभर राज्य पेटलेलं होतं. मतदान 1 ऑगस्ट 2018 ला. मी त्या आठवड्यात लिहिलं होतं की याचा फटका सत्ताधाऱ्यांना सांगलीत बसणारच. नाही बसला. लोक चिडलेले नव्हते असं नाही. चिडलेला माणूस मत घेऊन कुठं जाईल, याचं उत्तर त्याला प्रभागात दिसत नव्हतं. मी हवा मोजली. दार कुणी वाजवतंय का, ते बघायचं राहून गेलं.

आता मूळ मुद्दा. आपण सगळे म्हणतोय काँग्रेस हरली. माझं म्हणणं असं आहे की सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत काँग्रेस नावाचा पक्ष गेली तीस-चाळीस वर्षं अस्तित्वातच नव्हता. होते कारखाने. होत्या बँका, दूध संघ, सूतगिरण्या, शिक्षण संस्था, आणि त्या चालवणारी दहा-बारा घरं. या सगळ्यांनी मिळून निवडणुकीपुरती जी पाटी लावली तिचं नाव काँग्रेस. 1999 नंतर पाट्या दोन झाल्या, घरं तीच राहिली.

हे सुरुवातीला असं नव्हतं. 24 जुलै 1943 ला वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, खांद्यात गोळी लागली. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातला बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता आणि इथल्या गावागावांत प्रतिसरकार चालत होतं. त्या माणसांकडं कारखाना नव्हता, बँक नव्हती. गावात राहायला जागा देणारी, भाकरी बांधून देणारी घरं होती. यंदा 24 जुलैला त्या घटनेला 75 वर्षं झाली. ऐन प्रचाराच्या मधोमध. माझ्या टेबलावर या निवडणुकीतली तीसेक पत्रकं पडली आहेत, दोन्ही काँग्रेसची. काल पुन्हा चाळली. एकाही पत्रकात ही तारीख नाही. फोटो मात्र आहेत, दादांचा स्टॅम्पच्या आकाराचा आणि नेत्याच्या मुलाचा अर्ध्या पानाचा.

संस्था काढणं चूक नव्हतं. साखर कारखाना आला नसता तर आमच्यासारख्यांची घरं उभी राहिली नसती, माझी फी उसाच्या बिलातूनच भरली गेली. चूक नंतर झाली. कार्यकर्ता हळूहळू संस्थेचा नोकर झाला. पोराला चिकटवलं कारखान्यात, सुनेला आश्रमशाळेत, स्वतःला सोसायटीच्या संचालक मंडळावर. मग त्यानं सभेत तोंड उघडायचं कसं? आणि संस्था आजारी पडली की पक्षही आजारी. वसंतदादा बँक बुडाली, अवसायनात गेली, ठेवीदार हेलपाटे मारत राहिले. त्यांच्या घरी कोण काँग्रेसचं पत्रक घेऊन जाणार होतं? वसंतदादा कारखाना गेल्या वर्षी खासगी कंपनीला भाड्यानं दिला. त्या कारखान्याच्या जिवावर जो पक्ष चालत होता तो आपोआप भाडेकरू झाला.

घरांची भांडणं हा तर आपल्याकडचा राजकीय अभ्यासक्रमच आहे. दादा-बापू वाद आमच्या आधीच्या पिढीनं चवीनं चघळला. मग दादा घराणं आणि कदम गट. दोन वर्षांपूर्वी सांगली-सातारा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या विधान परिषदेच्या जागेवर काँग्रेसचे मोहनराव कदम राष्ट्रवादीचा उमेदवार पाडून निवडून आले. त्या दिवशी गुलाल उधळणाऱ्यांतल्या एकालाही वाटलं नाही की दोन जिल्ह्यांतले दोन्ही काँग्रेसचे नगरसेवक, सदस्य आपसात फुटून मतं देतायत आणि तिसरा शांतपणे बघतोय. तिसऱ्यानं पुढच्या तीन महिन्यांत सांगली जिल्हा परिषद घेतली. 60 पैकी 25 जागा आणि पहिल्यांदाच भाजपचा अध्यक्ष.

त्यात काळानं घाव घातले, हे मान्य. आबा 2015 च्या फेब्रुवारीत गेले, मदनभाऊ त्याच ऑक्टोबरात. पतंगराव यंदा मार्चमध्ये. तीन वर्षांत तीन माणसं, ज्यांच्या नावावर हा जिल्हा चालत होता. कुठल्याही पक्षाला हा धक्का जड गेला असता. पण पक्ष असता तर दुसऱ्या फळीतलं कुणीतरी उभं राहिलं असतं. इथं दुसरी फळी म्हणजे घरातलाच दुसरा माणूस, आणि तिसरी म्हणजे घरातलाच तिसरा.

चार वर्षं विरोधात होता ना तुम्ही? सत्ता गेली 2014 ला. लोकसभेला सांगलीत प्रतीकदादा दोन लाखांहून जास्त मतांनी पडले. 1962 पासून काँग्रेसची असलेली जागा गेली. विधानसभेला जिल्ह्यातल्या आठपैकी काँग्रेसची एकच राहिली, पलूस-कडेगाव. त्यानंतरची चार वर्षं म्हणजे विरोधी पक्षाला देवानं दिलेला काळ. नोटाबंदी झाली. जिल्हा बँकेत जुन्या नोटा अडकून पडल्या. बँकेचे संचालक म्हणून नेते दिल्ली-मुंबईला गेले, कोर्टात गेले. पक्ष म्हणून रांगेतल्या म्हातारीजवळ कोण उभं होतं? 2017 ला शेतकरी संपावर गेला, हाक पुणतांब्यानं दिली. यंदा मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी पायी चालत आले, लाल झेंडे किसान सभेचे. गेल्याच महिन्यात दुधाचं आंदोलन झालं, टँकर अडवले राजू शेट्टींच्या पोरांनी. मराठा मोर्चे निघाले तेव्हा लोकांनी नेत्यांना सांगितलं, मागं चाला. आणि काँग्रेस-राष्ट्रवादीनं काय काढलं? संघर्ष यात्रा. वातानुकूलित बसमधून. त्या बसचे फोटो राज्यभर फिरले, यात्रेतल्या मागण्या कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत.

एक साधी गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी कर्जमाफी जाहीर झाली आणि अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले. आठवतंय का? नवरा-बायको दोघांचे अंगठे, दोघांचे आधार, आणि सर्व्हर बंद. तासगावपासून जतपर्यंत सेवा केंद्रांवर माणसं डबे घेऊन बसली होती. मी सात-आठ केंद्रं फिरलो बातमीसाठी. त्या दीड-दोन महिन्यांत कुठल्याही पक्षानं प्रत्येक मोठ्या गावात एक टेबल, एक लॅपटॉप, एक शिकलेलं पोरगं आणि पाण्याचा जार एवढं ठेवलं असतं, तर आज त्या गावात त्यांच्या नावानं शंभर घरं असती. मला मी फिरलो तिथं काँग्रेसचं एकही टेबल दिसलं नाही. एका गावात चौकशी केली तर उत्तर आलं, "साहेबांचं अजून काय पत्र आलं नाही." टेबल लावायला पत्र!

शहराकडं या. शेरीनाला कृष्णेत मिसळतोय, हे वाक्य मी शिकाऊ बातमीदार असताना लिहिलं होतं. आजही ते जसंच्या तसं छापता येतं. शामरावनगरात दर पावसाळ्यात घरात पाणी येतं. गुंठेवारीतली माणसं आयुष्यभराची कमाई घालून घेतलेल्या अर्ध्या-एक गुंठ्यावर रस्ता-गटारीची वाट बघत म्हातारी झाली. ही माणसं परंपरेनं काँग्रेसची. त्यांनी यावेळी पंजा सोडला तर त्यांना गद्दार म्हणायचा अधिकार कुणाला आहे? तुमच्याच सत्तेत वर्षानुवर्षं त्यांच्या दारात चिखल होता. गंमत अशी की ज्यांच्या काळात चिखल झाला त्यातले काही जण कमळ घेऊन त्याच दारात मतं मागायला आले. लोकांनी तेही खपवून घेतलं, कारण निदान आता वर-खाली एकच सरकार असेल तर निधी येईल, असा साधा हिशोब. भाजपनं दुसरं काही मोठं तत्त्वज्ञान मांडलं नव्हतं. ते निधी आणतात की नाही हे बघायला मी आहेच, आणि नाही आणला तर त्यांच्यावरही अशीच पोस्ट येईल. त्यांच्या समर्थकांनी आज फार टाळ्या वाजवू नयेत.

मिरजेबद्दल थोडं सावकाश लिहावं लागेल. 2009 च्या सप्टेंबरात दंगल झाली. कमानीवरच्या एका चित्रावरून. पुढच्याच महिन्यात विधानसभा होती, सांगली आणि मिरज दोन्ही जागा भाजपकडं गेल्या. ज्या शहरात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं दर्ग्यात गाणं होतं, सतारीचे भोपळे एका गल्लीत आणि कारागीर त्याच गल्लीत, तिथं हे झालं. त्यानंतर काँग्रेसनं काय केलं? माझ्या आठवणीत शांतता समितीच्या बैठका आहेत, पोलिस ठाण्याच्या हॉलमधल्या, बिस्किटासकट. गल्लीत जाऊन दोन्ही बाजूंच्या पोरांना घेऊन बसणारा पक्षाचा माणूस मला दिसला नाही. मुसलमान मतदार कुठं जातोय, आपलाच आहे. हिंदू पोरगं रागावलंय, त्याला मंडळाची वर्गणी देऊ. नऊ वर्षं हेच धोरण. पोरानं वर्गणी घेतली आणि मत दुसरीकडं दिलं. त्याला दोष देत नाही. त्याच्याशी विचाराचं कुणी बोललंच नाही, वर्गणीचंच बोललं.

सातारकर मित्र शुक्रवारपासून मला फोन करून हळहळ व्यक्त करतायत. "सांगलीचं वाईट झालं राव." आवाजात थोडी खुशी असते, आमच्याकडं असं होत नाही अशी. बरोबर आहे, 2018 ला साताऱ्यात भाजपचा एकही आमदार नव्हता. जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीला 64 पैकी 39. पण त्याच जिल्हा परिषदेत काँग्रेस दोन आकडीसुद्धा नव्हती, आणि ते कराड दक्षिणला माजी मुख्यमंत्री आमदार असताना. 2016 ला कराडची नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडली, तेव्हा कोण आलं? भाजप. यशवंतरावांच्या कराडात. साताऱ्यात तर नगरपालिकेला मुख्य लढत पक्षांची नसायचीच. दोन राजांच्या दोन आघाड्या, कराडातही आघाड्याच. वीस-पंचवीस वर्षांचा सातारकर पोरगा नगरपालिकेच्या मतदानात पंजा बघतच नाही. मग विधानसभेला एकदम त्याच्यासमोर पंजा धरायचा आणि म्हणायचं, ही तुमच्या आजोबांची निशाणी. आजोबांना विचारा म्हणेल तो.

सातारकरांनो, 2009 च्या आधी आम्ही पण असंच म्हणत होतो. सांगलीत भाजप? शक्यच नाही. तुमच्याकडचे वाडे आज ज्या बाजूला आहेत तिथंच राहतील अशी लेखी हमी आहे का कुणाकडं? एक वाडा हलला की त्याच्यासोबत सोसायट्या, ग्रामपंचायती, अख्खा तालुका हलतो, कारण खाली पक्ष म्हणून काही शिल्लक नाही.

आता माझ्यावरही येतो, नाहीतर म्हणाल पत्रकार फुकटचं ज्ञान देतोय. मी 1997 ला पत्रकारितेची पदविका केली तेव्हा वाटायचं, आपण या सगळ्याच्या बाहेर उभे राहून लिहिणार. पहिल्याच नोकरीत कळलं की पगार वाढदिवसाच्या पुरवणीतून निघतो. नेत्याचा वाढदिवस, त्याच्या मुलाचा, नातवाचं बारसं. जाहिरात गोळा करायची आणि वर "विकासाचा ध्यास" असा मथळा द्यायचा. मी असे मथळे किती दिले ते मोजलेलं नाही. गटारीची बातमी आतल्या पानावर चार ओळी आणि ध्यास पहिल्या पानावर. काँग्रेसच्या नेत्यांना स्वतःचा पक्ष मजबूत आहे असं वाटत राहिलं, त्यात आमच्या पुरवण्यांचा वाटा आहे. आता त्याच पुरवण्या दुसऱ्या रंगात निघतील. वर्षात बघा.

मग करायचं काय? 2019 ला लोकसभा, विधानसभा. मुंबईत आघाडीच्या बैठका सुरू होतील, जागावाटप, कुठला गट कुणासोबत. पेपर भरतील त्यानं. माझं सांगणं त्याच्या आधीचं आहे. या निकालात महापालिकेत दोन्ही काँग्रेसचे मिळून 35 नगरसेवक आले. 41 च्या समोर 35 म्हणजे थोडे नाहीत. हे 35 महासभेत विषयपत्रिका वाचून येतील का? की स्थायी समितीत आपल्याला किती आणि ठेक्यात वाटा किती, यावर तीन महिन्यांत यातले काही गप्प होतील? यातल्या बऱ्याच जागा बायकांच्या आहेत की त्यांच्या नवऱ्यांच्या, हेही लगेच कळेल. महासभेत शेरीनाल्यावर बोलायला ताई उभ्या राहिल्या तर मी पहिल्या पानाची बातमी करीन. नवरा गॅलरीतून खुणा करायला लागला तर त्याचीही करीन.

आणि हरलेल्यांचं काय? मला विचाराल तर पक्षानं आजच जाहीर करावं, पुढच्या निवडणुकीत हरलेल्या प्रभागात कोण लढणार. पाच वर्षं आधी. नेत्याच्या घरातलं नको. सफाई कामगाराचं शिकलेलं पोरगं असेल, बचत गट चालवणारी बाई असेल, हळदीच्या पेठेतला हमाल असेल. नाव जाहीर करा, आणि पाच वर्षं त्याला त्या प्रभागात मरू दे. पडला तर पडला. घरं सोडून जातील, खुशाल जाऊ द्या. ती आज ना उद्या जाणारच आहेत, कारखान्याची कर्जं आणि चौकशीची भीती ज्यांना आहे ती सत्तेपासून लांब कशी राहतील? त्यांना धरून ठेवण्यात चार वर्षं गेली. रुसवे काढण्यात, एकाच व्यासपीठावर आणण्यात, फोटोत कोण कुठं उभं राहणार यात.

हे होईल का? प्रामाणिकपणे सांगतो, मला फार आशा नाही. परवा एका तालुक्याच्या गावी काँग्रेसच्या कार्यालयात गेलो होतो, निकालावर प्रतिक्रिया घ्यायला. कुलूप. खालच्या दुकानदारानं सांगितलं, किल्ली अमुक साहेबांच्या ड्रायव्हरकडं असते.

हे लिहीत होतो तेव्हा मघाच्या त्या जुन्या कार्यकर्त्यांचा फोन आला. मला वाटलं निकालावर बोलतील. म्हणाले, "शामरावनगरात पाणी तुंबलंय, दोन गल्ल्यांत घरात शिरलंय. उमेदवाराला फोन लावतोय, उचलत नाही. तू फोटो काढायला येतोस का?" मी विचारलं, तुम्ही तिथं काय करताय, निवडणूक तर संपली. म्हणाले, "अरे, इथल्या लोकांकडं माझाच नंबर आहे."

निघतोय. कमेंट रात्री वाचतो.